आईच्या अंगठीतला खडा

१२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पोरीचं लग्न ठरलं. साखरपुड्यात तिच्या बोटात आईची अंगठी घालायची असं मी मनाशी पक्कं केलंय. पण खड्याची अवस्था तुला ठाऊकच आहे. मधोमध ती पांढरी भेग आणि तिच्या टोकाला काळा ठिपका. चारचौघांत आई खडा तळहाताकडे फिरवून बसायची. आमच्या विहीणबाईंची नजर तर अशी की कपाटामागची धूळसुद्धा सुटत नाही.

जगाचे डागाळलेले हिरे उजळून देतोस, मग घरच्याने तुझं काय घोडं मारलंय? यांच्याबरोबर अंगठी पाठवते आहे. वहिनीला सांग, रागावू नको. आईचं सगळं तिने केलं आणि अंगठी मला मिळाली, हे तिच्या मनात आहे ते मला कळतं. पण आईनेच दिली, मी काही मागितली नव्हती.

तुम्हा दोघांची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ठमी

५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

अंगठी तुझ्या यजमानांच्या हाती सुखरूप दिली आहे. लेसरने केसाहून बारीक भोक पाडून काळा ठिपका जाळला आणि भेगेत काचेसारखा वितळलेला मसाला भरला. आता नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. तुझ्या वहिनीने अंगठी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, आईंना एकदा तरी ही सरळ घालता आली असती.

आता नीट वाच, नेहमीसारखं अर्धं वाचून ठेवून देऊ नकोस. भेग गेलेली नाही, झाकली आहे. अंगठी सैल-घट्ट करायची झाली तर सोनाराला आधी सांग की खडा भरलेला आहे. तो खडा काढून घेईल आणि मगच सोन्याला आच देईल. खड्याला आच लागली तर मसाला उतू जाईल. आणि विहीणबाईंनाही सांगून टाक. आमच्या धंद्यात हे लपवणं म्हणजे फसवणूकच. सांगितलंस तर त्यात कमीपणा काहीच नाही.

पोरीला आमच्या दोघांचे भरभरून आशीर्वाद.

तुझा,
दादा

२८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काय लिहू? अंगठी पोरीला घट्ट झाली. विहीणबाई म्हणाल्या, आमच्या नेहमीच्या सोनाराकडे जाऊ. त्यांच्या शेजारी बसून, आमचा हिरा भेगाळलेला आहे, असं सांगू? माझी जीभच रेटेना. म्हटलं, जरासं तर काम आहे. त्याने आच दिली आणि आमच्या डोळ्यांदेखत खडा दुधाळ झाला. सोनार म्हणाला, अस्सल हिरा असा बिघडत नाही. विहीणबाई पोरीचा निरोपही न घेता घरी गेल्या. काल निरोप आला, साखरपुडा सध्या पुढे ढकलू या.

पोर खोलीतून बाहेर येत नाही. यांनी मला विचारलं, आणि आता मी तुला विचारते. हा आईचाच खडा आहे ना? तू तसा नाहीस. पण वहिनीचं मन त्या अंगठीत होतं हे साऱ्या घराला माहीत आहे. राग मानू नकोस. हो की नाही, एवढंच कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

९ मार्च

सौ. भगिनीस,
स. न. वि. वि.

हो. आईचाच.

पुरावा माझ्याकडे नाही. आमच्या कारखान्यात खडा आला की गिऱ्हाइकासमोर वजन होतं, भिंगाखाली फोटो निघतो, खाली त्याची सही. मालकांनी तुझ्या खड्याचंही तसंच करायला सांगितलं होतं. मी म्हटलं, बहिणीचा आहे, कसलं वजन करता? त्या वेळी ते हसले होते. कोणाचाही खडा न तोलता घेऊ नये, हे इतकी वर्षं नव्या कारागिरांना मीच शिकवतो.

तुला ती भेग ओळखू यायला हवी होती. आच लागून मसाला बिघडला, म्हणून खडा दुधाळ झाला; खाली उरते ती भेग तीच. लहानपणापासून आईच्या बोटात ती आपण पाहत आलो. सोनाराच्या एका वाक्यावर तू ती विसरलीस, आणि जिने आईची उष्टी-खरकटी काढली तिच्यावर संशय घेतलास. पत्र मी लपवणार होतो. तिच्याच हाती पडलं. ती फार रडली. मला याचा राग आला आहे आणि तो जाईल असं वाटत नाही.

खडा पुन्हा भरता येतो, एका सकाळचं काम आहे. पोरीचा यात काही दोष नाही, म्हणून करून देईन. तिच्या सासूला खरं काय ते तू सांगायचंस, मी नाही. अंगठी घेऊन तुझ्या यजमानांना पाठव. खाली खिडकीवर वजन करून, फोटो काढून, सही करून द्यायची. वर माझ्याकडे यायची गरज नाही. पहिल्या वेळी मालकांनी घरचं काम म्हणून मजुरी लावली नव्हती. या वेळी लावतील. मी तसं सांगून ठेवलं आहे.

कळावे.

कारागीर,
दुसरा मजला