बिनलेबलाची तबकडी

प्रॉस्पेक्ट अ‍ॅव्हेन्यू, ब्रॉन्क्स
९ फेब्रुवारी १९९२

ती. अर्नस्टीनताईस,
थॅडियसचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून तुला वाटेल, हा कुठेतरी अडकलाय. अडकलोच आहे. फोन केला असता, पण घंटा वाजली की आई घाबरून कपाटात शिरते म्हणून तू तो काढून ठेवलास. कशी आहे ती? तुला अजून लुसीलमावशीच समजते का?

अल्बम पुरा झाला, ताई. पार्कात दिव्याच्या खांबातून वीज ओढून आम्ही जलसे करायचो तेव्हापासून लोक मला डीकन या नावानं ओळखतात, पण स्वतःचा असा अख्खा अल्बम हा पहिलाच. पस्तिशीचा माणूस म्हणजे आमच्या रॅपच्या धंद्यात आजोबा. स्टुडिओतली पोरं विचारतात, काका, दम लागला असेल तर खुर्ची आणू का. कंपनीनंही सांगून टाकलंय की हा चालला तर ठीक, नाहीतर राम राम.

आता घोळ ऐक. अल्बमभर एका बाईचा आवाज फिरतो. गाणं मध्येच थांबतं, मागे नुसता ढोल राहतो आणि ती ओठ मिटून गुणगुणते, एवढाच तुकडा. माझं पहिलं गाणं त्यावर उभं आहे, शेवटचंही, आणि मधल्या बहुतेकांच्या तळाशी तोच आहे. तो मी आईच्या खोक्यातल्या एका रेकॉर्डवरून घेतला. पूर्वी कुणी काही विचारत नसे. पण दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा न विचारता घेणं म्हणजे चोरी, असा डिसेंबरात कोर्टाचा निकाल लागल्यापासून कंपन्यांची पाचावर धारण बसलीय. वकील म्हणतो, रेकॉर्ड कुणाची ते सांगा, नाहीतर तुकडा काढा. एप्रिलअखेरची मुदत आहे.

आणि कुणाची ते मलाच माहीत नाही. लेबल मीच टबात भिजवून खरवडून काढलं होतं. आमच्यासारख्याच रेकॉर्डी वाजवणाऱ्या दुसऱ्या टोळीतल्या पोरांनी खांद्यावरून डोकावून नाव वाचू नये म्हणून तेव्हा आम्ही सगळेच तसं करायचो. कडेला कोरलेल्या आकड्यांवरूनही काही लागलं नाही. पण इस्त्री करताना आई हेच गायची, आठवतं? तिला एकदा विचार ना.

हेन्रीभावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागणार आहे.

तुझा,
थॅडियस


ऑरेंजबर्ग, साउथ कॅरोलायना
२० फेब्रुवारी १९९२

चि. थॅडियस यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

तो टब मी विसरेन होय? शनिवारी संध्याकाळी सगळं घर आंघोळीला खोळंबलेलं आणि आत तुझ्या रेकॉर्डी पोहत होत्या. आईनं सपात काढली तेव्हा तू म्हणालास, हे धंद्याचं गुपित आहे. घे आता गुपित. चार महाबिलंदर पोरांपासून नाव लपवायला गेलास आणि स्वतःच्याच हाती धुपाटणं आलं.

बरं, मी तिला विचारलं. सकाळी लापशी भरवताना ती जरा ताळ्यावर असते, तेव्हा तुझं नाव घेतलं. तिनं मला विचारलं, थॅडियस कोण, दूध घालतो तो का. वाईट वाटून घेऊ नकोस, परवा हेन्रीला तिनं पोलीस समजून भाकरी देऊ केली. इस्त्रीचं गाणं म्हटल्यावर नुसती हसली. मला चाल आठवते, पण मी गायले तर तुझी कंपनी आजच बुडेल. ते गाणंच कॅसेटवर पाठव, मी तिला ऐकवते.

दरम्यान मी चर्चमधल्या म्हाताऱ्यांकडे चौकशी करते. नीट जेवत जा. तुझ्यावर जीव आहे हे पत्रातून सांगावं लागत नाही, तरी सांगते.

तुझी ताई,
अर्नस्टीन


ब्रॉन्क्स
६ मार्च १९९२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत कॅसेट आहे. त्यात अल्बमचं पहिलं गाणं आहे, त्या बाईच्या गुणगुणण्यावर माझं बोलणं. आई याला गाणं म्हणत नाही, भांडण म्हणते, ठाऊक आहे. तेवढं तिनं सोसावं.

तो तुकडा नव्यानं करून पाहिला. चांगला ढोलवाला आणला, चर्चमध्ये गाणारी बाई आणली. दोघांनी जीव ओतला, पण ते दुसऱ्याच कुणाचं घर वाटतं. तुकडा काढला तर माझं बोलणं उघडं पडतं, कारण ते तिला उद्देशून लिहिलंय. रोज फोनपाशी बसतो, आणि करायला हातात काहीच नाही.

ताई, एवढं नाव मिळव. तुझ्या पायांवर डोकं ठेवून,

थॅडियस


ऑरेंजबर्ग
१९ एप्रिल १९९२

चि. थॅडियस यास,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, कारण हात हलवत लिहायला नको वाटत होतं. आपल्या पाद्रीबाबांना ऐकवलं, इथल्या कोलंबिया शहरातल्या रेडिओवाल्या म्हाताऱ्याला गाठलं. ते म्हणतात, गावोगावची चर्चं तेव्हा अशा थोड्या तबकड्या काढून आपसात वाटायची. तसल्या त्या बाया कोण, कुठल्या, आता कोण सांगणार?

आईचं सांगते. कॅसेट लावली तेव्हा ती टेबलाशी बसली होती. बाई गुणगुणायला लागली तशी आईही लागली, अचूक सुरात. हात टेबलावर मागेपुढे फिरू लागला, इस्त्री धरल्यासारखा. मग तुझा आवाज आला. मला वाटलं, आता चिडणार. चिडली नाही, मान डोलावत राहिली. मी टेप थांबवून विचारलं, आई, हे कुणाचं आहे? माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी. म्हणाली, "माझ्या थॅडियसचं. दुसऱ्या कुणाचं असणार?"

किती महिन्यांनी तिच्या तोंडी तुझं नाव आलं रे. मी एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. तेव्हापासून रोज विचारते, कधी तेच, कधी निराळं, पण उत्तर हेच येतं. वर तीच मला विचारते, त्याची रेकॉर्ड कधी निघणार, चर्चमध्ये सगळ्यांना सांगायचंय. मी काय सांगू तिला?

हे पत्र वकिलाला दाखवून उपयोग नाही, कळतंय मला. तरी दाखव. माझी माया आहे, आणखी देण्यासारखं काही नाही.

तुझी,
ताई


ब्रॉन्क्स
८ मे १९९२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाखवलं. वकिलानं दोनदा वाचलं, चष्मा पुसला. माणूस वाईट नाही. म्हणाला, माझीही आई होती, पण हे कोर्टात चालत नाही. अल्बम निघणार नाही. टेपा कंपनीच्या आहेत, कंपनीच्या कपाटात राहतील. एका पोरानं माझी खुर्ची उचलून दाराशी ठेवली आणि आज काका म्हणाला नाही. त्याचंच जास्त लागलं. सोमवारपासून चुलतभावाच्या सामान वाहण्याच्या गाडीवर जातोय.

ऐकून बघण्यासाठी अल्बमची एकच तबकडी कोरून घेतली होती, ती माझ्याकडे राहिली. फार वेळा वाजवली तर झिजेल, असल्या तबकड्या मऊ असतात. ती या पत्रासोबत पाठवतोय. या खेपेला लेबल नीट डिंकानं चिकटवलंय. अल्बमचं नाव नाही घातलं. वर फक्त आईचं नाव लिहिलंय, ओडेसा गॅड्सडेन, आणि खाली तिचा थॅडियस.

आईनं विचारलं, निघाली का रेकॉर्ड, तर निघाली म्हण. तिच्या हातात दे. उद्या पुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा दे. आणि ताई, पाण्यापासून लांब ठेव.

तुझा लोभ सुटू देऊ नकोस.

थॅडियस