तुमची माहिती सुरक्षित आहे

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, मला निवृत्त होऊन पाच. तरी मी तुमच्यावर चिडलेलीच आहे.

अमरावतीच्या त्या ऑफिसात आपण दोघांनी बियाण्यांच्या तक्रारींचं वेब अ‍ॅप्लिकेशन बांधलं. पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही, तर गावातल्या कॉम्प्युटर केंद्रातून तक्रार भरायची, मग समिती वावरात येऊन पाहणी करणार. सत्तावीस पानं होती आणि प्रत्येक पानाच्या कोडमध्ये शेवटी तुमच्या त्याच बारा ओळी: डेटाबेसने उत्तर दिलं नाही तर चूक पकडा, नोंदवा, पडद्यावर निरोप दाखवा. काही बदलायचं तर सत्तावीस ठिकाणी बदला. मी म्हणाले, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर असं शिक्षा म्हणून लिहायला लावायच्या. तुम्ही डब्यातली पोळी मोडता मोडता हसलात. "लिहून लिहूनच तं समजते बाई, कुठं काय बिघडते ते." रोज अकोल्याहून पहिल्या गाडीने येऊन तुम्ही आम्हा सगळ्यांच्या आधी मशीनसमोर बसलेले असायचात. काय करताय, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही, कुठे लिहून ठेवलं नाही. राग आहे तो याचाच.

तुम्ही मार्चमध्ये गेलात. मे महिन्यात मी साफसफाईला बसले. पहिली सहा पानं ओळीला ओळ लावून ताडली, सारखी निघाली, म्हणून उरलेलीही सारखीच धरली. सगळीकडच्या त्या ओळी काढून एकाच ठिकाणी लिहिल्या आणि प्रत्येक पान तिकडे वळवलं. निरोप मात्र निवडून घेतला. इतर पानांवर नुसतंच 'अडचण आली आहे' होतं. तक्रार भरायच्या पानावर तुम्ही पुढे लिहिलं होतं, 'तुमची माहिती सुरक्षित आहे. वाट पाहा.' मला ते सभ्य वाटलं, म्हणून सगळीकडे तेच ठेवलं. निरोप वाचला, त्याखालची तेरावी ओळ वाचली नाही. कोड निम्मा केला म्हणून मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. वाजवणाऱ्यांपैकी एकानेही तो उघडून पाहिला नव्हता.

त्या जुलैत तक्रारींचा लोंढा आला आणि डेटाबेस दिवसातून चार-चार वेळा बसू लागला. पडदा मात्र सगळ्यांना सांगत होता, माहिती सुरक्षित आहे.

ऑगस्टमध्ये भातकुलीकडची एक बाई आली. पडद्यावरच्या निरोपाची प्रिंट तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. पाहणी होईपर्यंत वावराला हात लावायचा नाही, हा आमचाच नियम, आणि तिने तो पाळला. दुबार पेरणीचे दिवस निघून गेले. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "म्याडम, सुरक्षित हाये म्हून तुमीच लिवलं ना? म्या वावर तसंच ठेवलं. मंग कावून नाई आलं कोनी?" मी यादीत तिचं नाव दोनदा शोधलं. नव्हतं. अशा आणखी किती जणी, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

ती गेल्यावर मी तुमच्या कोडची जुनी प्रत उघडली. तेरावी ओळ अडकलेली तक्रार एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवत होती. सकाळी येऊन तुम्ही तीच फाइल उघडायचात आणि एकेक तक्रार हाताने आत भरायचात. तुमचा निरोप खरा होता, कारण तो तुम्ही रोज खरा करत होतात.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा निरोप कोणाचा? जुनी प्रत माझ्या टेबलावरच होती. मी म्हणाले, "सरांचा." शब्द तुमचेच, त्यामुळे खोटं बोलले असंही म्हणता येत नाही. अहवालात तुमचं नाव गेलं. जुनी प्रत मी नंतर पुसून टाकली.

तुमच्या घरचा पत्ता मला पाठ आहे. हे तिथे पाठवता येईल, पण पाठवणार नाही. भाभी अजून दर ईदला मला फोन करतात, आणि तो फोन बंद व्हायला मला नको आहे.