चुन्याची निवळी आणि माझी सही

रावेर, २० जून १९८९

तीर्थस्वरूप नानांस शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. धुळ्याची हवा आपल्याला मानवली असेल आणि काकूंचे गुडघे आता जरा ऐकत असतील, अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल. (म्हैस सोडून. तिचं तिलाच माहीत.)

पत्रास कारण की, मे महिन्यात जळगावला विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जाऊन आलो. आपण हेडमास्तर असताना मला दोनदा पाठवलं होतंत, ते आठवून जाणं जिवावरच आलं होतं. तेव्हा साहेब लोक सकाळी झापायचे, दुपारी पेंगायचे आणि शेवटी आम्हाला फार लाभ झाल्याचं आमच्याकडूनच लिहून घ्यायचे. म्हणून या खेपेस जाण्याआधीच विज्ञान सोडून चित्रकला मागण्याचा अर्ज लिहून ठेवला होता. चौदा वर्षं फळ्यावर परीक्षानळ्या काढून हात तसाही चांगला बसला आहे.

पण तिथे लीलाबाई म्हणून शिकवायला होत्या. त्यांनी कोरे कागद वाटले आणि म्हणाल्या, वर्गात कशाची भीती वाटते ते लिहा, नाव घालू नका, मी रागावणार नाही. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, नाना. मला भरूनच आलं. लिहिलं, मी एकही प्रयोग स्वतः केलेला नाही, मुलांनी करून दाखवा म्हटलं तर काय, ही भीती. कागद दिल्यावर आठवलं, की खाली नाव, शाळा, तालुका घालून झोकदार सही ठोकली आहे! (कागद दिसला की मास्तरचा हात दुसरं काय करणार?) बाईंनी कागद चाळले आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. चाळिसातल्या एकतीस जणांनी सही केली होती आणि दुखणंही बहुतेकांचं तेच. पारोळ्याचे चुडामण गुरुजी मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, बठ्ठासले हाऊच रोग शे!" रोग सगळ्यांनाच आहे म्हटल्यावर सगळे मोकळे झाले.

मग बाईंनी विचारलं, कुणाकडे चुना आहे का? मुलांपुढे तंबाखूविरुद्ध भाषणं ठोकणारे आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो, आणि हळूहळू टेबलावर पंचवीस डब्या जमल्या. मी चुना पाण्यात कालवला, पपईच्या पानाच्या पोकळ देठानं फुंकर घातली आणि ओरडलो, दुधाळ झालं! अहो, ते आधीपासूनच पांढरं होतं. निवळी आधी निवळू द्यायची असते, हे मी चौदा वर्षं शिकवतो आहे. बाई म्हणाल्या, मी हेच तपासणीच्या दिवशी साहेबांपुढे केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या शेजारी नुसत्या उभ्या राहिल्या, हात लावला नाही. रात्रभर निवळलेलं चुन्याचं स्वच्छ पाणी माझ्याच श्वासानं पांढरं झालं. मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या.

चित्रकलेचा अर्ज सहीसकट फाडला. आता आठवीला पहिला प्रयोग हाच. काकूंना नमस्कार.

आपला पुतण्या,
शालिग्राम

ता. क. शाळेचं प्रयोगाचं कपाट आपण निवृत्त झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, बंद आहे. किल्ली आपल्याच जुडग्यात असावी. कृपया शोधावी.

आणखी एक. आपण प्रयोगशाळेचा चार्ज दिलात त्या कागदावर 'किल्ली मिळाली' असं आहे आणि खाली सही माझी आहे. न वाचता केली होती.

शेवटचं. किल्ली टपालानं पाठवू नका, घेऊनच या. निवळीचा हा धडा मला आठवीत आपणच शिकवलात, फळ्यावर आकृती काढून. आकृती फार सुंदर होती. पण नाना, आपणही तो प्रयोग कधी पाहिला नसावा, असा मला आता दाट संशय आहे. निवळी घरच्या काचेच्या ग्लासातही होते, तेव्हा किल्ली नाही सापडली तरी चालेल. आपण मात्र या. पहिल्या बाकावर जागा धरून ठेवतो.