भांगाचं पाणी

मनामा, ६ ऑक्टोबर १९९२

प्रिय उबेद,

अस्सलाम अलैकुम. तुझ्या मोठ्या भावाची तब्येत बरी आहे, एवढंच अम्माला वाचून दाखव. पुढचं तुझं तू वाच.

खाडीवरच्या रेल्वेपुलासाठी भरती कुठवर चढते, हे विचारायला साहेब घरी आले आणि तू त्यांना धक्क्यावरची ओली रेघ दाखवून सही केलीस. त्या दिवशी अष्टमी होती. नावाड्याचा मुलगा असून तू भांगाचं, म्हणजे सगळ्यात कमी चढणारं पाणी दाखवलंस. अमावास्येच्या उधाणाला पाणी पिराच्या पायरीला लागतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आता पूल ठेंगणा होणार; अब्बांचा मचवा डोलकाठी कापून त्याखालून न्यायचा का?

इथे वकीलसाहेबांकडे मी जुन्या कागदांच्या नकला टाइप करतोय. ऐंशी वर्षांपूर्वी बगदादची रेल्वे कुठवर न्यायची आणि तिथल्या नदीत आगबोटी कोणाच्या चालतील, हे इंग्रज, तुर्क आणि जर्मनांनी लंडनमध्ये बसून ठरवलं. पानंच्या पानं टाइप केली, त्यात नावाड्यांचा शब्दही नाही. माझं डोकं आधीच तापलं होतं, त्यात दुपारी तुझं पत्र आलं.

अम्माचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

येत्या अमावास्येला साहेबांच्या पाया पड, पण भर उधाणात त्यांना पिराच्या पायरीवर उभं कर. त्यांचे बूट भिजू देत.

बगदादच्या नावाड्यांना कोणी विचारलंच नव्हतं, उबेद. तुला घरी येऊन विचारलं होतं.

तुझा भाऊ,
वली