पुढच्या फळीवरचा डाव

प्रिय क्लोव्हिस,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. डॉक्टर हॅडली आज ह्यूस्टनला परत चाललेत, त्यांच्या हाती देते आहे. पेटीत टाकू नका, त्याच्या हातात द्या आणि तो वाचेपर्यंत दारातून हलू नका, असं त्यांना बजावलंय. दातांचे डॉक्टर आहेत, समोरच्याने तोंड उघडेपर्यंत वाट बघायची त्यांना सवय आहे.

ते आले होते मासेमारीला, दरवर्षीसारखे. पण परवापासून उत्तरेचा वारा सुटलाय आणि खाजणातलं सगळं पाणी त्याने समुद्राकडे ढकलून दिलंय. आपल्या धक्क्याखाली नुसता चिखल आहे, आणि होडी त्यात रुसलेल्या म्हशीसारखी बसलीय. त्यामुळे सहल रद्द, आणि भर दुपारी मी स्वयंपाकघरात तुला लिहायला मोकळी. आधीच सांगून टाकते, म्हणजे तू ओळी गाळत शेवटाकडे धावणार नाहीस. पापा अंथरुणाला खिळलेत. थँक्सगिव्हिंगनंतर उठलेलेच नाहीत. हृदय थकलंय, छातीत पाणी भरतं. नर्स एक दिवसाआड येते. काल ती माझ्याशी फार गोड बोलली, त्यावरून काय ते मी समजले.

राग मनात ठेवून लिहीत नाहीये. म्हणजे राग आहे, भरपूर आहे, पण आज तो कोळंबीच्या पेटीत बर्फाखाली दाबून ठेवलाय.

इकडची खबर म्हणशील तर इकडे आता फार काही उरलेलं नाही. आपण ज्या गवताळ बेटावर दुपारी सँडविच खायचो ते मागच्या उन्हाळ्यात गेलं. एक वर्ष त्याचा नुसता काठ दिसत होता, मग कालवांच्या शिंपल्यांचा ढीग, आणि आता तिथे डॉल्फिन फिरतात. शाळा बंद झाली. बंधाऱ्याच्या आतली घरंसुद्धा आणखी उंच खांबांवर चढलीत. आमच्या घराला आता एकोणीस पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी माझ्या गुडघ्याला नावानिशी ओळखते. तू गेलास ते चुकलं असं मी आता म्हणत नाही. छोट्या जोझेटचा दमा, भिंतींवरची ती काळी बुरशी, लेकीपायी जागलेले डार्लीनचे डोळे... मी सगळं बघत होते. गेलास ते बरोबर केलंस. गेल्यावर मागे वळून पाहिलं नाहीस, ते मला लागलं.

आपल्या होडीतून मासे धरायला गिऱ्हाइकं मात्र येतात, बाबा. जमीन बुडाली तरी तांबडा मासा आहे तिथेच आहे, उलट माजलाय. गुडघाभर पाण्यात खेकडे उकरत शेपटी वर करून उभा असतो, शेपटीवरचा काळा ठिपका लांबून दिसतो. आणि गिऱ्हाइकंही तशीच आहेत. मागे ओहायोचा एकजण आला होता, अंगावर टोपीपासून बुटांपर्यंत सगळं नवंकोरं. मी होडीच्या मागच्या मचाणावरून हळूच म्हटलं, “अकरा वाजता, चाळीस फुटांवर.” त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “अजून दहासुद्धा वाजले नाहीत, तोवर काय करायचं?” पापा मधल्या पेटीवर बसले होते. एवढे हसले की मासा पळाला. म्हणाले, “अरे शहाण्या, घड्याळ हातातलं नाही, होडीचं! नाक म्हणजे बारा! माझी पोरगी तुला मासा दाखवतेय आणि तू वेळ बघतोयस, गाडी चुकणार आहे का तुझी?” त्या माणसाने जाताना पापांना मिठी मारली. पापांच्या शिव्या लोकांना आशीर्वादासारख्या लागतात, एक तू सोडून.

पापा मधल्या पेटीवर बसले होते असं लिहिलं, ते वाचून तू थांबला असशील. हो, गिऱ्हाइकांच्या सहलींना मचाणावर आता मी उभी राहते. त्यांची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू. आधी ठिपका दिसेना, मग मासा, मग गवत. कुणाला सांगितलं नाही त्यांनी. मलाच कळलं, कारण ते एक दिवस एका बुडालेल्या कुंपणाच्या खांबाला “दोन वाजता, मोठा आहे, सावकाश” म्हणाले आणि गिऱ्हाइकाने बिचाऱ्याने तीनदा त्याच्यावर गळ टाकला.

तुला आपला नियम आठवतो का? आठवत असणारच, तो विसरणारा माणूस अजून आपल्या घरात जन्मलेला नाही. गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी आपण आपल्यासाठी जायचो. एकाने मागे मचाणावर काठी रेटायची, एकाने पुढच्या फळीवर गळ घेऊन उभं राहायचं, उरलेल्याने मधल्या पेटीवर बसून तोंड बंद ठेवायचं. मासा लागला की पुढच्याने मचाणावर चढायचं, मचाणावरच्याने खाली उतरायचं. लागेपर्यंत डाव त्याचाच. दुसऱ्याला देता येत नाही, सोडता येत नाही. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हाचा तो दिवस आठव. सकाळपासून प्रत्येक माशाच्या डोक्यात गळ मारत होतास आणि प्रत्येक मासा पळत होता. दुपारी तू रडायला लागलास. मी म्हटलं, “पापा, द्या ना मला, मी एका मिनिटात काढते, मग घरी जाऊ.” पापा म्हणाले, “डाव त्याचा आहे. तू गप बस.” ऊन कलायला लागलं तेव्हा तुला तो बोटभर लांबीचा, लाज वाटावी असा मासा लागला, आणि तू असा ओरडलास, “लागला, पापा!” की बगळे उडाले. पापा खाली उतरले तेव्हा त्यांचे पाय इतके सुजले होते की मामाँने बूट कापून काढले. तिने त्यांना काय काय ऐकवलं! ते नुसते हसत गंबोचा रस्सा खात होते.

आता तू गेलास तो दिवस. आपण दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही, पण होडीत मीही होते, त्याच पेटीवर. वादळानंतरचा पहिलाच शांत दिवस होता. पापांनी नुकताच मासा काढला होता, म्हणून ते मचाणावर आणि तू पुढे. त्यांनी म्हटलं, “दहा वाजता, तीस फूट, टाक.” तू टाकला नाहीस. गळाची काठी फळीवर आडवी ठेवलीस आणि त्यांच्याकडे पाठ ठेवूनच म्हणालास, “पापा, आम्ही ह्यूस्टनला चाललोय. कायमचे.” ते म्हणाले, “जा. जाताना तुझ्या आईलाही विचार, ती येते का. ती तर इथेच आहे.” आणि तू म्हणालास, “ती तरी कुठे राहिली इथे?”

क्लोव्हिस, त्या वादळात मामाँची शवपेटी थडग्यातून तरंगत निघून उसाच्या शेतात सापडली होती. पापांनीच ती ओळखली होती, तिच्या पितळी कड्यांवरून. तुझ्या तोंडून ते निघून गेलं, तुला ते म्हणायचं नव्हतं, मला ठाऊक आहे. तुझे खांदे मला मागून दिसत होते. पापांनी काठी फिरवली आणि आपल्याला धक्क्यावर आणलं. तू उडी मारून उतरलास आणि गेलास. त्यानंतर दोघेही एकमेकांची वाट बघत बसलात. एकाच बापाचा हट्ट, दोघांत वाटलेला.

यानंतरचं तुला माहीत नाही. त्या दिवसापासून पापांनी गळ हातात घेतला नाही. गिऱ्हाइकांची सहल नसेल तेव्हा आम्ही दोघं जायचो, ते थेट मचाणावर चढायचे आणि मला मधल्या पेटीवर बसवायचे. पुढची फळी रिकामी. ते होडी रेटायचे आणि म्हणायचे, “अकरा वाजता, पन्नास फूट.” गळ टाकायला कुणी नाही. मासा येऊन होडीखालून निघून जायचा. मी म्हणायची, “पापा, खाली या, मी रेटते, तुम्ही पकडा.” ते म्हणायचे, “डाव माझा नाही.” मग मी म्हणायची, “मी पकडू?” तर ते म्हणायचे, “तुझा तरी कुठे आहे?” मला वाटायचं, म्हातारपण. वाटायचं, मामाँ गेली, तू गेलास, माणूस भ्रमिष्ट झाला. नजर गेल्यावरसुद्धा चढायचे, मी मागून पट्टा धरून ठेवायची आणि ते काठी रेटायचे. माशाऐवजी भलतंच काही सांगायचे. मी हो हो म्हणायची. एकदा चिडून विचारलं, “मग डाव आहे तरी कुणाचा?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, म्हणजे जिथे मी असेन असं त्यांना वाटलं तिथे, जणू मी अडाण्यासारखं काही विचारलं. “क्लोव्हिसला अजून लागला नाहीये ना.” एवढंच. मी पेटीवर बसून त्या दिवशी रडले, आणि त्यांना वाटलं मला सर्दी झालीय.

तुझं नाव घरात कधी घेतलं नाही त्यांनी. मी घेतलं की उठून जायचे. पण तुझा डाव त्यांनी कुणाला दिला नाही, रे. स्वतःलासुद्धा नाही.

आता पत्र का लिहितेय ते सांगते. चार दिवस झाले, पापांचं शरीर तेवढं पलंगावर आहे, मनाने ते मचाणावर आहेत. मुठी वळलेल्या असतात, काठी धरल्यासारख्या. फादर येऊन शेवटच्या प्रार्थनेचं तेल लावून गेले. नर्स म्हणते, शरीर कधीच संपलंय, कशावर थांबलेत कळत नाही. मला कळतं. “पाय दुखतात, ओडील,” म्हणतात. मी म्हणते, “मग उतरा ना, पापा.” तर म्हणतात, “अजून कसा उतरू?” आणि थोड्या वेळाने, “पुढे कुणी उभं आहे का बघ गं, होडी पुढून हलकी लागतेय.” काल माझ्याने बघवेना. देवाने मला क्षमा करावी, मी पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसले, आवाज जाड केला आणि म्हटलं, “लागला, पापा!” ते हसले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसले, आणि म्हणाले, “ओडील, तू मधल्या पेटीवर बस.” म्हणून तुला लिहितेय. माफी मागू नकोस, ते मागणार नाहीत, मामाँचं नाव काढू नकोस. गाडी बंधाऱ्याच्या अलीकडेच लाव, आणि एकोणीस पायऱ्या चढून सरळ आत ये. पलंगाच्या पायथ्याशी बस, तुझं वजन पडू दे, होडी पुढून दबली हे त्यांना कळू दे. आणि मग नऊ वर्षांचा असताना ओरडला होतास तसा ओरड. ते अजून वर उभे आहेत, क्लोव्हिस. त्यांना खाली उतरव.

तुझीच,
ओडील