काचेच्या तीन पट्ट्या

७ मार्च १९८३, सोमवार

लागल्या एकदाच्या! तीन पट्ट्या — एक आमच्या ऑफिसात, एक जिन्यात, एक वर विठोबाकाकांच्या खोलीत. भेग एकच, तळमजल्यापासून वर चढत गेलेली. तिच्यावर वीतभर लांबीची काच आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे लावायचे. भिंत जरा जरी हलली तरी काच तडकते. ओल्या सिमेंटमध्ये मी खिळ्याने तारीख कोरली. सिडनी म्हणाला, "सरोज, माणूस खोटं बोलेल, काच नाय बोलणार."

गंमतच आहे. मी आर्किटेक्ट, सिडनी इंजिनियर, आणि गेली सहा वर्षं दोघं मिळून फक्त खेड्यातली कामं करतोय — शाळा, दवाखाने, चिऱ्याची घरं. करी रोडच्या या चाळीत ऑफिस थाटलं ते खोली स्वस्त मिळाली म्हणून. मुंबईतली पहिली भिंत तपासली, तीही आमच्याच डोक्यावरची!

सिडनीने भाडेकरूंना गॅलरीत जमवून सगळं नीट समजावलं. काच फुटली की आम्ही दुरुस्ती मंडळाला कळवणार. मंडळ चाळ रिकामी करून टेकू देणार. कुणी एक प्रश्न विचारला नाही. लोकांना विश्वासात घेतलं की काम सोपं होतं.

१० मार्च

विठोबाकाकांच्या गावच्या घराचा नकाशा. गिरण्यांच्या संपाला चौदा महिने होत आले. अर्धा मजला गावी गेलाय, हे मागे राहिलेत. काका गिरणीत फिटर होते. खोली किती मोठी हवी विचारलं, तर म्हणाले, "दोन माग बसून मधून माणूस फिराक होयो." फूट-इंच नाही, माग! मी तसंच काढलं. बाहेरची खोली दोन माग, स्वयंपाकघर दीड. प्रमाण इतकं सुरेख जमलं की मला स्वतःला कधी सुचलं नसतं.

काकांच्या बायकोची, गुणवंतीमावशींची, मागणी वेगळीच. गावच्या घराला चाळीसारखी गॅलरी हवी. "गॅलरी नाय तर भांडूचा कोणाबरोबर?" मग पुढची पडवी लांबच लांब केली, शेजारच्या अंगणापर्यंत. खेड्यातलं घर काढायला मी एसटीने हाडं खिळखिळी करून घेते आणि कल्पना मिळते डोक्यावरच्या मजल्यावर.

त्यांच्या खोलीत दुपारी ऊन गॅलरीतून आत येतं आणि फोटोंच्या काचांवर पडतं. सासू-सासरे, दत्तगुरू, लग्नाचा फोटो, लेकीचा, तुळसाचा, शाळेतला. भिंत नुसती चमकत असते.

२१ मार्च

तिन्ही पट्ट्या शाबूत.

५ एप्रिल

चार दिवस कणकवलीकडे जाऊन आले. काकांच्या घराचा चौथरा झाला, चिरे येऊन पडलेत. सुतार जगन म्हणतो, मिरगाआधी छप्पर चढवतो. तीनदा म्हणाला. म्हणजे चढवणार नाही! मागे लागायला सिडनीला पाठवावं लागेल. छप्पर नाही चढलं तर पावसात सगळी भिंत धुऊन जाईल.

ऑफिसची किल्ली नेहमीप्रमाणे मावशींकडे होती. झाडूनपुसून ठेवलं होतं बिचारीने. पण दार उघडेना. चौकटीत रुतल्यासारखं. खांदा लावून ढकललं तेव्हा कुठे उघडलं. उन्हाने लाकूड फुगलं म्हणावं तर उन्हाने लाकूड फुगत नाही, आटतं.

पट्टी पाहिली. शाबूत.

१४ एप्रिल, पाडवा

मावशींनी वर बोलावलं. गॅलरीत गुढ्या कमी, बंद खोल्यांची कुलपं जास्त. तुळसा पहिल्या बाळंतपणाला आलीये. पोट पुढे काढून जिन्यातली पट्टी बघत उभी होती. मला पाहून चटकन आत गेली. लाजली असेल.

सासूबाईंच्या फोटोला काच नव्हती. विचारलं तर मावशी म्हणाल्या, "मांजरान पाडल्यान." या मजल्यावर मांजर मी कधी पाहिलं नाही.

२ मे, सोमवार

दाराला दोनदा रंधा मारून झाला, तरी अडकतंय. ड्रॉइंग टेबलावर ठेवलेली पेन्सिल आपोआप भिंतीकडे घरंगळते. मी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. आठ दिवसांनी आणखी एक घातला.

सिडनीला म्हटलं, मला हे बरं दिसत नाही. त्याने बॅटरी घेऊन तिन्ही पट्ट्या पाहिल्या. "एक चरा नाय गं. सिमेंट बघ, तारीख बघ. तू उगाच घाबरते." जिन्यातल्या पट्टीचं सिमेंट मला गडद वाटलं, ताजं असल्यासारखं. पलीकडे मोरी आहे, ओल आली असणार.

मालकाने मंडळाकडे अर्ज केलाय की चाळ धोक्याची आहे, खाली करा. भाडेकरूंना आमचा दाखला हवा होता. दिला. 'दोन महिन्यांत भेगेत हालचाल आढळली नाही.' खाली माझी सही. वसंत म्हणून वरचे एक भाडेकरू आहेत, ते कागद घेताना माझ्या पाया पडायला वाकले! माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं.

१३ मे

तुळसाला मुलगा झाला. हॉस्पिटलातून घरी आणलं. पाळणा तुळईला टांगलाय, त्याच भिंतीला लागून. दुसरीकडे जागाच नाही. मी पेढा खाल्ला. बाळ अगदी काकांच्या कपाळाचं.

खोली आज काळोखी वाटली. का ते कळलं नाही. दुपारचंच ऊन होतं.

२० मे

गिरणी चालू होती तेव्हा ही भिंत दिवसरात्र थरथरायची. टेबलावर चहाच्या कपात गोल गोल लाटा उठायच्या. आता गिरणी मुकी आहे, भोंगासुद्धा नाही. आणि आज काम करताना भिंतीतून आवाज आला. बोटं मोडल्यासारखा, एकदाच. नकाशावर बारीक लाल पूड पडली. विटेची होती.

अप्पांची आठवण आली. माझे वडील गवंडी. जुन्या भिंतीवर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहायचे, आणि मग एकतर कामाला लागायचे किंवा सगळ्यांना बाहेर काढायचे. टेबलावर त्यांचा फोटो आहे, ओळंबा हातात धरलेला. मीही आज तळवा ठेवून पाहिला. मला काही कळलं नाही. मग पट्टी पाहिली. शाबूत!

सिडनी परवाच गावी गेला, जगनच्या मानगुटीवर बसायला.

२७ मे, शुक्रवार



सिडनीने गावच्या घराचा फोटो पाठवला होता. चारी भिंती उभ्या. तो घेऊन आनंदाने वर गेले. म्हटलं, मावशी, एखाद्या फ्रेममध्ये घालून लावा. त्या कपबशा विसळायला लागल्या. मी स्वतःच दत्ताची तसबीर खाली काढली. काच नाही. सासऱ्यांच्या फोटोला नाही. लग्नाच्या नाही. तुळसाच्या नाही. सात चौकटी, एकीलाही काच नाही. म्हणून खोली काळोखी वाटत होती!

शेजारच्या खोलीत गेले, तिच्या पलीकडच्या. सगळ्या मजल्यावर देव आणि मेलेली माणसं उघड्यावर.

काका खाली मान घालून सांगत होते. पहिली काच पाडव्याच्या आधी फुटली. मग पंधरा दिवसांनी. मग आठ. आता एक दिवसाआड. कधी जिन्यातली, कधी वरची, कधी आमची. माझ्याकडूनच मिळालेल्या किल्लीने. "कापताना निम्मी वाया जाता. तारीख मीच कोरतंय. तुझ्यासारखो तीनाचो आकडो काढूक चार दिवस लागले."

गिरणीत फिटर होते. हात साफ आहे त्यांचा.

मी ओरडले. काय काय बोलले आठवत नाही. हे बाळ इथे झोपतं, तुम्हाला अक्कल आहे का, असं काहीतरी. मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुमीच सांगितलंत ना, काच फुटली की खोली गेली? मग आमी काच फुटूक दिली नाय." आणि मग, "छप्पर चढू दे गो. मग आमी गावाक जातलंव. मग भिंत काय ता करू दे."

आणि बाकीच्या दहा खोल्या? ते मी विचारलं नाही.

किल्ली मागून घेतली.

२८ मे

मंडळाला पत्र लिहिलं. चाळ आजच्या आज रिकामी करावी. माझा आधीचा दाखला चुकीचा आहे. हे वाक्य लिहायला सकाळ गेली. काळजी त्यांचीच होती असं म्हणायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर सहीची भीती वाटली. नाव जाईल, लायसन जाईल. पाकीट चिकटवलं. टपालात टाकलं नाही, शनिवार होता.

शनिवारी टपाल जातं.

सिडनीला ट्रंककॉल लावला. लागला नाही. बाळ वर रडत होतं, मग थांबलं. थांबलं की मी वर बघते.

३० मे

सिडनीची तार. 'वासे चढले. कौलं आठ दिवसांत.'

मालकाच्या अर्जावरून मंडळाचा माणूस उद्या अकराला बघायला येतोय. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. काही मागितलं नाही. बाळाचं नाव काय ठेवायचं ते विचारलं. नावं सुचवायचं मी टाळलं. जाताना म्हणाल्या, "आठच दिवस, बाय."

पाकीट पिशवीत आहे. उद्या त्या माणसाच्या हातातच देईन. ठरलं.

३१ मे, मंगळवार

नऊला ऑफिस उघडलं. आमची पट्टी मधोमध तडकलेली, दोन तुकडे, मध्ये नखभर फट. अप्पांच्या फोटोची काच काढली. काकांनी कापून दिली. सिमेंट मी कालवलं, तारीख मी कोरली. तो माणूस साडेअकराला आला, चहा पिऊन गेला. त्या काचेतून तीन पट्ट्या निघाल्या. उरलेल्या दोन टेबलाच्या खणात पाकिटावर ठेवल्यात.