टाकीकडे बघ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला खरंच आठवतो की मी तो मनानेच रचलाय, हे आता सांगता येणार नाही. पण एक वाक्य नक्की तुमचंच आहे, कारण तसं दुसरं कुणी बोललंच नसतं. आठवीच्या वर्गात मी नदीची कविता म्हणायला उभा आहे, नजर पायांतल्या चपलांवर, ओळी ओठांतून निघून तिथेच सदऱ्यावर सांडताहेत, आणि तुम्ही खडू खाली ठेवून म्हणता, "अरे, कविता चपलेत नाहीये. वर बघ. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते ना? तिला ऐकू गेली पाहिजे." सगळा वर्ग हसतो. माझे कान तापतात. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही काही न बोलता मला खिडकीजवळच्या बाकावर बसवलंत. एवढी मोठी भेट मला तोवर कुणी दिली नव्हती. माळावरची ती टाकी, चुन्याने रंगवलेली, चार पायांवर उभी. थंडीत सकाळच्या शाळेला धुक्यात तिचे पाय नाहीसे व्हायचे आणि ती नुसतीच तरंगत राहायची. वर्षभर मी तिलाच कविता म्हणून दाखवल्या. पुढे पोस्टात लागलो, पत्रांवर शिक्के मारण्यात आयुष्य गेलं, पण शिक्का मारतामारतासुद्धा मधूनच मान वर करून लांब कुठेतरी बघायची सवय राहिली ती तुमची.

आता मी मेलबर्नमध्ये आहे. क्लेटन म्हणून उपनगर आहे, तिथे मुलाच्या लहानशा फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितोय. खालून विद्यापीठातली मुलं पुन्हा जाऊ-येऊ लागली आहेत. ज्या उन्हाळ्यात इथली जंगलं जळत होती आणि आकाश दिवसचे दिवस गेरूसारखं दिसत होतं, त्या उन्हाळ्यात मी आलो, सहा महिन्यांसाठी म्हणून. मग जगाचीच दारं लागली. व्हिसा वाढवत, मास्क धुऊन दोरीवर वाळत घालत, खिडकीतून एकच रस्ता बघत दोन उन्हाळे इथे गेले. मुलाचं ऑफिस झोपायच्या खोलीत आलं आणि सुनेचं या टेबलावर. मी चहा टाकायला आलो की ती लॅपटॉप थोडा सरकवायची, कानाला लावलेल्या मीटिंगमध्ये हळूच "वन सेक, प्लीज" म्हणायची आणि माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवायची: दोन कप. आमचं बोलणं असं, बोटांनीच चालायचं. पण त्या दोन बोटांची मला सवय लागली, बाई. पत्नी गेल्यानंतर सकाळी कुणी माझ्या चहाची वाट बघतंय असं झालं नव्हतं.

लॉकडाऊन उठला, विमानं सुरू झाली, आणि एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या महिन्याचं तिकीट मिळतंय. काय करू? राहायचं असेल तर तसा अर्ज करता येईल. तुम्ही म्हणाल तसं."

सून म्हणाली, "हो, अगदी तुमच्या मनाप्रमाणे."

मला जायचं नव्हतं. गावाकडे कुलूप लावलेलं घर, किल्ली धाकट्या भावाकडे, अंगणात पारिजातकाचा सडा पडून तसाच वाळत असणार. पण राहतो असं आपणहून कसं म्हणायचं? एवढंसं घर, एकच टेबल. कुणीतरी "राहा" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. आणि ती दोघं, भली माणसं, माझ्या मनावर दडपण नको म्हणून तेवढा एक शब्द सोडून सगळं बोलत होती. भिंतीपलीकडून एकदा सुनेचा आवाज आला, "बाबांचं ठरलं का रे?" त्या चार शब्दांत मी जावं असं होतं की राहावं असं, हे मी कितीतरी वेळ तोलत बसलो. तुम्ही आम्हाला ओळीचा भावार्थ काढायला शिकवलंत. घरातल्या माणसांच्या बोलण्याचा भावार्थ काढणं मात्र अभ्यासक्रमात नव्हतं.

त्याच आठवड्यात सुनेने मला जंगलात नेलं. लॉकडाऊनमध्ये लोकांनी पाव भाजले, झाडं लावली. हिने मातीच्या रस्त्यांवर चालवायची मोटरसायकल शिकायचं मनात घेतलं. पुण्यात तिने कॉलेजला जाताना स्कूटी चालवलेली, तेवढंच. शिकाऊ लायसन्स काढलं, ठेंगणीशी, वापरलेली गाडी घेतली, ती खालच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली कित्येक महिने उभी होती. आणि संध्याकाळी काम संपलं की ती याच टेबलावर नकाशे उघडून वाटा शोधायची. सरकारी जंगलातल्या, सगळ्यांना मोकळ्या, नवख्या माणसाला झेपतील अशा. एकदा मी मागून डोकावून म्हणालो, "या तर समोच्च रेषा. दाटीवाटीने असतील तिथे चढ उभा. तुला लांबलांब रेषांची वाट हवी."

ती खुर्चीतच वळली. "बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

"नववीचा भूगोल गं."

मग आम्ही दोघं मिळून शोधू लागलो. रेषा विरळ असलेल्या, ओढा न ओलांडणाऱ्या, पावसाने चिखल झाला तरी परतता येईल अशा वाटा. दुचाकीच्या दुकानातल्या माणसाला तिने फोन केला, वनखात्याच्या पानावर बघितलं की पावसाळी महिन्यांत बंद ठेवलेल्या कुठल्या वाटा अजून उघडायच्या आहेत. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघं जा. मला पाठदुखी आहे आणि वायफायशिवाय मला झोप येत नाही." आणि मला स्वतःचे जाड बूट काढून दिले.

गाडीमागे ट्रेलरवर मोटरसायकल बांधून आम्ही पूर्वेला गिप्सलँडकडे निघालो. शहर संपलं, कुरणं लागली, गाई अशा निवांत उभ्या की साथ-बीथ काही त्यांच्या कानावरच गेलं नसावं. बऱ्याच वेळाने सून म्हणाली, "आता पुढे रोड अनसील्ड आहे हं."

मी म्हणालो, "चला, उघडला एकदाचा!"

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हिला आनंद झालेला दिसत नाही. "अगं, आपल्याकडे भावाची गल्ली दोनदा सील केली होती. बांबू लावून. दूधवालासुद्धा आत नाही. इथल्या लोकांनी बरं लवकर काढलं सील."

ती हसायला लागली. इतकी हसली की गाडी कडेला घ्यावी लागली. "बाबा, सील्ड म्हणजे डांबरी. अनसील्ड म्हणजे कच्चा रस्ता!" दोन वर्षांत तिला मी असं हसताना पाहिलं नव्हतं. पोस्टात आम्ही थैल्यांना लाख लावून सील करायचो. आता या लाल मातीच्या रस्त्यावरून जाताना मला उगीचच वाटत राहिलं की एक भलीमोठी थैली कुणीतरी उघडी टाकून गेलंय आणि आम्ही तिच्यात शिरतोय.

जळून गेलेलं जंगल होतं ते, बाई. खोडं काळीकुळकुळीत, आणि त्या काळ्या खोडांवरच, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, कोवळी पालवी अशी फुटलेली की झाडांनी हिरवी लोकर पांघरली आहे. मी काच खाली करून नुसता बघत राहिलो. तुम्ही असता तर वर्ग तिथेच थांबवून म्हणाला असता, "यावर दहा ओळी लिहा." ओढ्याकाठी मोकळी जागा होती, तंबू ठोकायला पैसे नाहीत, परवानगी नाही, फक्त आखलेल्या वाटेवरच गाडी चालवा, विस्तव विझवून जा, कचरा घेऊन जा, एवढं सांगणारी एक पाटी. आपल्याकडे 'सरकारी जमीन' ही पाटी दिसली की पाय आपोआप मागे येतो. मी सुनेला दोनदा विचारलं, "कुणी विचारायला येणार नाही ना?" ती म्हणाली, "कोण येणार? ही आपलीच आहे." 'आपली' हा शब्द तिने इतक्या सहज उच्चारला की मी तो खिशात ठेवल्यासारखा जपून ठेवला.

दुपारी तिने हेल्मेट चढवलं. वाट रुंद होती, हलक्या चढाची, नकाशावर निवडली होती अगदी तशीच. पण तिचं सगळं लक्ष पुढच्या चाकावर. खडा दिसला की खड्याकडे बघायची आणि नेमकी त्याच्यावरच जायची. मी कडेला घडीच्या खुर्चीत बसून बघत होतो आणि मला काय झालं कोण जाणे. ती मान खाली घालून येत होती आणि मला आठवीतला मीच येताना दिसलो. मी उठून उभा राहिलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "खाली नको! टाकीकडे बघ! टाकीकडे!"

तिने आज्ञाधारकपणे मान आणखी खाली घातली, दोन्ही पायांमधल्या पेट्रोलच्या टाकीकडे बघितलं, आणि वाळूत आडवी झाली.

मी धावलो, म्हणजे माझ्या वयाला धावणं म्हणतात तसा. ती उताणी पडून विचारत होती, "बाबा, टाकीला काय झालं? गळतेय का?"

"अगं, ती टाकी नाही. पाण्याची टाकी."

"कुठे आहे पाण्याची टाकी?"

मग तिथेच वाळूत बसून मी तिला तुमची गोष्ट सांगितली. चपला, खिडकी, माळ, धुकं, सगळं. तिने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं. ऐकून झाल्यावर तिने वाटेच्या वळणावरचं निलगिरीचं एक मोठं झाड दाखवलं. "ती टाकी?" मी म्हणालो, "ती टाकी." गाडी उचलायला शेजारच्या तंबूतल्या एक गोऱ्या आजीबाई कुत्र्यासकट आल्या होत्या. त्यांनी एका हिसक्यात गाडी उभी केली, सुनेची पाठ थोपटली आणि मला विचारलं, "अँड यू, मेट? हाउ यू गोइंग?"

हे वाक्य मी दोन वर्षांत कितीदा ऐकलं असेल. कसे आहात, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या क्षणी माझ्या मनात एकच जाणं होतं, आणि मी बोलून गेलो, "नेक्स्ट मंथ. बाय फ्लाइट."

आजीबाई म्हणाल्या, "ओह. नो वरीज, देन," आणि कुत्र्याला घेऊन गेल्या. सून माझ्याकडे बघत राहिली. हसली नाही.

"तुमचं ठरलं, बाबा?"

"नाही गं. तोंडातून गेलं."

ती पुन्हा गाडीवर बसली. यावेळी मान वर होती. त्या निलगिरीकडे बघत गेली, वळण घेतलं, दिसेनाशी झाली, आणि बऱ्याच वेळाने इंजिनाचा आवाज परत येताना ऐकू आला तेव्हा कुठे मी खुर्चीत जाऊन बसलो.

संध्याकाळी दगडांच्या चुलीवर तिने खिचडी लावली आणि मी तांदूळ निवडण्याचा विषय काढला. शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी बोलवायचात. तुमच्या स्वयंपाकघरात खाली बसून तुम्ही सुपात तांदूळ निवडताय, मी दाराशी उभा राहून कविता म्हणतोय, शब्द चुकला की तुम्ही मान वर न करता एक खडा चिमटीत उचलून दाखवताय, बस्स. सून म्हणाली, "म्हणा ना ती नदीची." मी म्हटली. ओढा वाहत होता, उजेड झाडांच्या शेंड्यांवर तेवढा उरला होता, आणि मधल्या एका कडव्याला मी अडलो तर तिने पळीने भांड्याच्या कडेवर टक् केलं. बाई, मला क्षणभर कळेना मी कुठल्या गावात आहे.

सकाळी तंबू गुंडाळायच्या आधी तिला एक शेवटची फेरी मारायची होती. मी चहाचे दोन कप धुतले. ती हेल्मेट घालून, बक्कल लावून, किल्ली फिरवायच्या बेतात होती. मला वाटलं, आता घरी गेल्यावर पुन्हा 'तुमच्या मनाप्रमाणे' सुरू होईल आणि मी पुन्हा बोटांनी बोलायला लागेन. मी म्हणालो, "मला राहायचंय."

"काय?"

"काही नाही."

"बाबा, हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही. मोठ्याने!"

तेव्हा मी ओरडलो, "मला राहायचंय गं! इथे, तुमच्याकडे!" शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. आजीबाईंनी तंबूतून डोकं बाहेर काढलं.

सुनेने हेल्मेटची काच वर केली. डोळे तेवढे दिसत होते. "मग आधी नाही का सांगायचं? मी मोठा तंबू घेतला असता." आणि काच खाली करून ती निघाली, मान वर, थेट निलगिरीकडे. परत आली ती हँडलवरची दोन बोटं उचलून दाखवतच. मी धुतलेले कप पुन्हा मांडले.

मुलाने अर्ज भरलाय. उत्तर यायला बरीच वर्षं लागतील म्हणतात, तोवर इथे राहता येतं. लागू देत. हे पत्र मी घडी करून पाकिटात घालीन. पाकीट चिकटवणार नाही, पत्ताही घालणार नाही. पोस्टातल्या माणसाला एवढं कळतं की हे कुठल्या थैलीत जाणारं नव्हे. सुनेला मी सांगून ठेवलंय की त्या सकाळी तुमचा धडा कामाला आला. ते अर्धंच खरं आहे. आवाज अगदी टाकीपर्यंत गेला, बाई. नजर मात्र ओरडताना माझ्या पायांतल्या, मुलाच्या बुटांवर होती.